डाकेल्ह आणि तिच्या भगिनी भाषांतील कार्यकारणभाव

‘बर्फ वितळला’ आणि ‘बर्फ वितळवला’ या दोन मराठी वाक्यांत फरक आहे तो एका ‘व’चा. पहिल्या वाक्यात घटना आपोआप घडते. दुसऱ्यात ती कोणीतरी घडवून आणलेली असते. ‘ऊन पडल्यामुळे बर्फ वितळला’ असे म्हटले की कारण क्रियापदाबाहेर येऊन ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाला चिकटते, आणि ‘ऊन पडलं, त्यामुळे बर्फ वितळला’ असे म्हटले की ते दोन वाक्यांच्या सांध्यात जाऊन बसते. म्हणजे एकाच भाषेत कारणाला राहायला तीन घरे आहेत: क्रियापदाच्या पोटात, नामाच्या पाठीशी आणि वाक्यांच्या जोडावर. कॅनडातील डाकेल्ह ही भाषा आणि तिचे देने किंवा अथाबास्कन कुळ यांचा कार्यकारणभाव समजून घ्यायला ही तीन घरे चांगली उपयोगी पडतात. फक्त त्या भाषांत पहिले घर फार मोठे आहे.

डाकेल्ह बोलली जाते ती ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या मध्यभागी, स्टुअर्ट सरोवर, फ्रेझर सरोवर, नेचाको नदी आणि दक्षिणेकडे ब्लॅकवॉटर नदीच्या परिसरात. स्टुअर्ट सरोवराचे तिथल्या भाषेतले नाव नाकाल बुन. ‘बुन’ म्हणजे सरोवर. इंग्रजीत या लोकांना ‘कॅरिअर’, म्हणजे वाहून नेणारे, असे नाव पडले. ते शेजारच्या सेकानी लोकांनी दिलेल्या नावाचे भाषांतर आहे, आणि त्याचा संबंध विधवेने पतीच्या अस्थी दुखवट्याच्या काळात पाठीवर वागवण्याच्या जुन्या प्रथेशी जोडला जातो. स्वतःसाठी त्यांचा शब्द डाकेल्ह हाच, पाण्यावरून होडीने फिरणारे लोक अशा अर्थाचा. होडीने जाण्याचे ‘के’ हे धातुरूप ‘नुस्के’ म्हणजे ‘मी होडीने फिरतो’ या रूपातही दिसते. मराठीत त्यासाठी तीन शब्द लागतात. डाकेल्हमध्ये कर्ता, वाहन आणि फिरणे हे सगळे एका क्रियापदात मावते. पूर्वी उत्तरेकडची बाबीन-वित्सुवितेन ही डाकेल्हचीच बोली समजली जात असे. आता ती स्वतंत्र भाषा मानली जाते.

देने कुळात सुमारे ४० भाषा आहेत. अलास्का आणि वायव्य कॅनडात त्यांचा मोठा पसारा आहे, काही प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर आहेत, आणि स्टुअर्ट सरोवरापासून २००० किलोमीटरांहून अधिक दूर, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, नवाहो आणि अपाची आहेत. या सर्वांत नवाहोचे व्याकरण सर्वाधिक तपशिलाने लिहिले गेले आहे. त्यामुळे डाकेल्हच्या रचनेमागचे सूत्र पुष्कळदा नवाहोच्या उदाहरणांतून अधिक स्वच्छ दिसते. मात्र बहिणी झाल्या तरी त्या दोन वेगळ्या भाषा आहेत, आणि नवाहोतली प्रत्येक गोष्ट डाकेल्हमध्ये असेलच असे धरून चालत नाही.

डाकेल्हच्या नोंदींची सुरुवात १७९३ मध्ये होते. अलेक्झांडर मॅकेन्झी पॅसिफिककडे जाताना या प्रदेशातून गेला आणि त्याने थोडेसे शब्द टिपून ठेवले. १८०६ मध्ये सायमन फ्रेझरने स्टुअर्ट सरोवराकाठी व्यापारी ठाणे उभारले. तिथे पुढे राहिलेल्या डॅनियल हार्मन या व्यापाऱ्याची रोजनिशी १८२० मध्ये छापली गेली, तीत शब्दसूचीही होती. अशा सूच्यांत वस्तूंची नावे, नाती, आकडे सापडतात; ‘का’ आणि ‘म्हणून’ सापडत नाहीत, कारण ते शब्दाला शब्द ठेवून मिळणारे नसतात. भाषेच्या आत शिरणारा पहिला माणूस म्हणजे एड्रियन-गॅब्रिएल मॉरिस हा फ्रेंच मिशनरी. १८८५ मध्ये फ्रेझरच्या त्या ठाण्यावर, म्हणजे फोर्ट सेंट जेम्सला, आल्यावर त्याने क्री लिपीचा आधार घेऊन डाकेल्हसाठी अक्षरलिपी तयार केली. तिच्या वळणावरून तिला ‘भेकाचे पाय’ अशा अर्थाचे नाव पडले. १८९१ ते १८९४ या काळात त्या लिपीत एक वृत्तपत्रही निघत असे. मॉरिसचे व्याकरण आणि कोश यांचा दोन खंडांतला ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज लिहिली जाते ती रोमन लिपी कॅरिअर भाषा समितीच्या नावाने ओळखली जाते. मध्य डाकेल्हचा द्विभाषिक कोश १९७४ मध्ये आला. व्हँडरहूफ येथील यिंका देने भाषा संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली.

आता मूळ प्रश्नाकडे. देने क्रियापदाचे मूळ शब्दाच्या अखेरीस असते आणि बाकी सगळे त्याच्या आधी, ठरलेल्या क्रमाने, रांगेत उभे राहते: दिशा, कर्म, काळ-अवस्था, कर्ता. मुळाला अगदी खेटून एक जागा असते, आणि कार्यकारणाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची जागा तीच. तिथे चारपैकी एक गोष्ट येते: काहीच नाही, किंवा द, किंवा ल, किंवा ल्ह. हा ल्ह म्हणजे ‘कोल्हा’मधला घुमणारा ल्ह नव्हे. जीभ ‘ल’च्या जागी ठेवून, कंठातला नाद बंद करून, श्वास जिभेच्या दोन्ही कडांवरून सोडला की तो ध्वनी निघतो; ‘डाकेल्ह’ या नावाच्या शेवटी तोच आहे. जुन्या व्याकरणकारांनी या चार पर्यायांना ‘वर्गदर्शक’ म्हटले आणि ते नाव दुर्दैवाने रूढ झाले. वस्तुतः ते कशाचेही वर्ग पाडत नाहीत. घटनेत भाग घेणाऱ्यांची संख्या ते वाढवतात किंवा घटवतात.

नवाहोत ‘यिबेझ’ म्हणजे ‘ते उकळते आहे’. मुळाआधी ल्ह आला की होते ‘यिल्हबेझ’, म्हणजे ‘ती व्यक्ती ते उकळवते आहे’. चुलीवरच्या भांड्यामागे आता एक माणूस उभा राहिला. वितळण्याचेही तसेच: मूळ रूपात बर्फ वितळतो, ल्ह लागला की कोणी बर्फ वितळवतो. मराठीतल्या ‘व’चे काम इथे ल्ह करतो, फरक एवढाच की मराठीचा ‘व’ धातूच्या मागून येतो आणि देने भाषांचा ल्ह पुढून.

ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या हातून सहज निसटते, कारण ल्ह नेहमी ऐकू येतोच असे नाही. ‘मी उकळवतो आहे’ हे नवाहोत ‘यिशबेझ’. प्रथमपुरुषाचा ‘श’ ल्हच्या आधी येतो आणि त्याला गिळून टाकतो. घडवून आणण्याचा भाव अर्थामध्ये आहे, व्याकरणाच्या आकृतीत आहे, पण कानाला नाही. नवशिक्या संशोधकाने फक्त ‘मी’ची रूपे गोळा केली तर प्रयोजक क्रियापदांचा एक मोठा भाग त्याच्या नजरेतून सुटू शकतो. देने भाषांच्या अभ्यासात तृतीयपुरुषी रूप आवर्जून विचारण्याची जी पद्धत आहे, तिचे एक कारण हे.

द आणि ल यांचे काम साधारणपणे उलट दिशेचे असते. कर्मणी, आत्मवाचक, परस्परवाचक अशा रचनांत ते दिसतात, आणि ल पुष्कळदा ल्ह असलेल्या क्रियापदाचे संख्या घटवलेले रूप असतो. म्हणजे याच एका जागेत कर्ता आणता येतो आणि परत नाहीसाही करता येतो.

मात्र ल्ह कुठेही लावता येत नाही. उकळणे, वितळणे, फुटणे अशा आपोआप घडणाऱ्या घटनांना तो सहज लागतो. चालणे, गाणे अशा स्वेच्छेने केलेल्या क्रियांबाबत भाषाभाषांत फरक पडतो, आणि जिथे आधीच कर्म आहे अशा क्रियापदांना तो सहसा लागत नाही. मराठीत ‘करणे’चे ‘करवणे’ होते आणि पुढे ‘करवून घेणे’ही होते, देने भाषांना हा जिना इतका वर चढता येत नाही. मग एका माणसाने दुसऱ्याला काही करायला लावले हे कसे सांगायचे? नवाहोचे मोठे अभ्यासक रॉबर्ट यंग यांनी दिलेले एक उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. ‘मी बायकोला गायला लावलं’ हे नवाहोत सांगायचे तर त्याचा आशय असा मांडला जातो: तिची इच्छा नव्हती, तरी मी सांगितल्यावर ती गायली. घोड्यावर बसून जाणारा माणूसही ‘घोडा माझ्यासह धावतो आहे’ असे म्हणतो. धावणे घोड्याचे, माणूस सोबतीला.

या उदाहरणांवरून एक मोठा निष्कर्ष वारंवार काढला गेला आहे, की या लोकांच्या विचारातच बळजबरीला जागा नाही. तो निष्कर्ष मोहक आहे, पण टिकणारा नाही. ज्या भाषेत ल्ह लावून उकळवता येते, वितळवता येते, फोडता येते, तिच्याकडे कारणाची जाणीव कमी आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरते. उदाहरणे एवढेच दाखवतात की ज्याला स्वतःची इच्छा आहे त्याची कृती व्याकरण त्याच्याच नावावर ठेवते. निर्जीव वस्तू आणि इच्छा असलेला जीव यांच्यातली ही सीमा देने भाषांत फार काळजीने आखलेली आहे.

ती सीमा नवाहोत आणखी एका ठिकाणी ठळक दिसते. ‘घोड्याने खेचराला लाथ मारली’ हे दोन प्रकारे सांगता येते: ‘ल्हीं द्झानेझ यिझताल्ह’, घोडा आधी आणि क्रियापदात ‘यि’, किंवा ‘द्झानेझ ल्हीं बिझताल्ह’, खेचर आधी आणि क्रियापदात ‘बि’. (घोड्याला ल्हीं म्हणतात तो शब्द मुळात कुत्र्याचा, डाकेल्हमध्ये ल्ही म्हणजे आजही कुत्राच. घोडा नंतर आला आणि नवाहोत त्याने कुत्र्याचे नाव घेतले.) घोडा आणि खेचर बरोबरीचे, म्हणून दोन्ही वाक्ये चालतात. पण लाथ खाणारा माणूस असेल तर माणूस आधी आणि ‘बि’ हीच रचना बोलणाऱ्यांना योग्य वाटते. घोडा आधी ठेवला तर वाक्य विचित्र ठरते. मुलगी पाणी प्यायली हे सांगताना पाणी पुढे आणले तरी वाक्य बिघडते. केन हेल यांनी १९७३ मध्ये या उलटापालटीकडे लक्ष वेधले आणि गॅरी विदरस्पून यांनी १९७७ च्या पुस्तकात तिचा अर्थ लावला: प्रश्न शक्तीचा नसून नियंत्रणाचा आहे. ज्याच्याकडे अधिक समज, त्याच्या हाती घटनेची दोरी. माणसाला लाथ बसली तर त्याने ती बसू दिली असे व्याकरण सुचवते. पुढच्या अभ्यासकांनी या स्पष्टीकरणावर बराच वाद घातला, पण निरीक्षण पक्के राहिले.

क्रियापदाच्या आतली आणखी एक सोय म्हणजे मुळाचीच निवड. देने भाषांत ‘देणे’, ‘ठेवणे’, ‘उचलणे’ यांसाठी एक सरसकट क्रियापद नसते. वस्तू गोल आहे, काठीसारखी लांब आहे, कापडासारखी मऊ आहे की भांड्यात भरलेली आहे यावर मूळ बदलते. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कार्यकारणाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे आणि ती तुलनेने दुर्लक्षित राहते. एकाच वस्तूसाठी ती कशी हलली यावरही मूळ बदलते. टेबलावर एक सफरचंद आहे असे समजावे. ते नुसते पडून आहे, कोणी हातात धरून दुसरीकडे ठेवले, कोणी फेकले, की ते आपोआप घरंगळून पडले? नवाहोत गोलसर वस्तू धरून नेण्याचे मूळ एक, फेकण्याचे दुसरे आणि पडण्याचे ‘त्सिद’ हे तिसरेच. मराठीत ‘पडले’ आणि ‘पाडले’ एकाच धातूची भावंडे आहेत, त्यामुळे सफरचंद जमिनीवर कसे आले हे सांगताना बोलणारा थोडा संदिग्ध राहू शकतो. नवाहो बोलणाऱ्याला मूळ निवडतानाच ठरवावे लागते की वस्तू कोणाच्या हातात होती, हातातून सुटली की हात लागलाच नव्हता. दोष कुणाचा, हा प्रश्न विचारण्याआधीच उत्तराचा अर्धा भाग क्रियापदात आलेला असतो.

क्रियापदातून बाहेर पडले की दुसरे घर लागते, शब्दयोगी अव्ययांचे. इथे मराठी वाचकाला परके वाटण्यासारखे काही नाही, कारण देने भाषाही मराठीप्रमाणे क्रियापद शेवटी ठेवतात आणि नामानंतर अव्यय लावतात. डाकेल्हमधले ‘-बा’ हे त्यातले एक: स्बा म्हणजे माझ्यासाठी, न्युबा तुझ्यासाठी, उबा त्याच्यासाठी, ल्हबा एकमेकांसाठी. सर्वनाम अव्ययाच्या आधी चिकटते, ‘माझ्या’ आणि ‘साठी’ एकजीव व्हावेत तसे. त्या मालिकेत ‘व्हुबा’ असेही एक रूप आहे, आणि कार्यकारणाच्या चर्चेत ते सगळ्यांत मोलाचे. ‘व्हु’ हे माणसाचे किंवा वस्तूचे सर्वनाम नाही. ते जागेचे, अवकाशाचे आहे. डाकेल्हच्या क्रियापदातही काठीसारख्या वस्तूंसाठी द, गोल वस्तूंसाठी न आणि जागा, विस्तार किंवा घटना यांच्यासाठी व्ह अशी खूण असते. घटना ही या भाषेच्या नजरेत एक प्रकारची जागा आहे. म्हणून जे अव्यय ‘त्याच्यासाठी’ म्हणायला वापरतात, त्याच साच्यात अवकाशवाचक सर्वनाम घातले की एका अख्ख्या प्रसंगाकडे बोट दाखवता येते. नामापासून वाक्यापर्यंतचा पूल इथे बांधला जातो.

नवाहोत हाच पूल ‘-नीना’ या अव्ययावर उभा आहे. शिनीना म्हणजे माझ्यामुळे, बिनीना म्हणजे त्याच्यामुळे. ‘बिनीना’ एखाद्या वाक्याच्या शेवटी ठेवले की ते ‘असे झाल्यामुळे’ होते. मागच्या वाक्याकडे बोट दाखवणारे ‘एई’ त्याच्याआधी लावून ‘एई बिनीना’ म्हटले की ‘त्यामुळे’, आणि परिणाम सांगणारे पुढचे वाक्य सुरू होते. ‘काय’ या प्रश्नवाचकाला जोडले की ‘कशामुळे?’. मराठीतही ‘माझ्यामुळे’, ‘पडल्यामुळे’, ‘त्यामुळे’, ‘कशामुळे’ ही चारही रूपे एकाच ‘मुळे’ची आहेत. कारण आणि परिणाम यांना दोन निराळे शब्द लागत नाहीत. एकच अव्यय कोणत्या बाजूला चिकटते एवढ्यावर काम भागते. ‘बिनीना’चे जुळे भावंड ‘बिनीये’, म्हणजे ‘त्या हेतूने’. एक मागे पाहते, दुसरे पुढे. मराठीत ‘तो आला म्हणून’ आणि ‘त्याने यावे म्हणून’ या दोन अर्थांत फरक करायचे काम क्रियापदाचे रूप करते, ‘म्हणून’ तेच राहते. डाकेल्हच्या क्रियापदालाही अपूर्ण, पूर्ण, भविष्य आणि इच्छार्थ अशी चार रूपे आहेत आणि प्रत्येकाचे होकारी व नकारी असे दोन संच. घडून गेलेले कारण आणि अजून न घडलेला हेतू यांतले अंतर राखायला ती हाताशी असतात.

तिसरे घर वाक्यांच्या जोडाचे, आणि तिथे अनेकदा कारणवाचक शब्दच नसतो. नवाहोत ‘नाहाल्हतिन’ म्हणजे पाऊस पडतो आहे. त्याला ‘-गो’ जोडला की ‘नाहाल्हतिनगो’: पाऊस पडत असताना, पडला तर, पडत असल्याने. कोणता अर्थ घ्यायचा ते पुढचे वाक्य ठरवते. मराठीतले ‘पाऊस पडून रस्ता खचला’ यातले ‘पडून’ असेच आहे; ‘ऊन’ हा प्रत्यय काळाचा, पण ऐकणारा कारण ऐकतो. कारण स्पष्टच सांगायचे असेल तर नवाहोत ‘-गो’च्या पुढे ‘बिनीना’ ठेवतात. ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते त्यांत कारणाचे वाक्य सहसा आधी येते आणि परिणाम मागून, आणि देने भाषा त्या वाटेने चालतात. मराठीत मात्र ‘रस्ता खचला, कारण पाऊस पडला’ अशी उलटी मांडणीही आता अंगवळणी पडली आहे.

या सगळ्याचा थेट परिणाम भाषा नोंदवण्याच्या कामावर होतो, आणि डाकेल्हच्या बाबतीत हे काम घाईचे आहे. फ्रेझर सरोवराकाठची लेजॅक निवासी शाळा १९२२ ते १९७६ चालली. अशा शाळांत मुलांना घरापासून तोडून इंग्रजीत वाढवले गेले आणि स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. भाषा आईकडून मुलाकडे जायची साखळी तिथे तुटली, आणि आज डाकेल्ह अस्खलित बोलणारे बहुतेक लोक वयोवृद्ध आहेत. अशा वेळी इंग्रजीतले ‘का’ आणि ‘कारण’ पुढे ठेवून त्यांचे प्रतिशब्द मागितले तर बोलणारा आदराने एखादे अव्यय देतो आणि नोंदवहीत एक ओळ भरते. ल्हची जोडी, मुळांची निवड, अवकाशाची खूण, बिनशब्दाचा जोड यांतले काहीही त्या ओळीत येत नाही. ते येते मासे सुकवण्याची रीत सांगताना, जाळे का फाटले याची हकिकत सांगताना, नात्यातल्या कुणाचा अपघात कसा झाला हे एकमेकांत बोलताना. अशी सलग कथने ध्वनिमुद्रित करून ती शब्दशः उतरवणे हाच या विषयाचा खरा कच्चा माल आहे.

कोशाच्या रचनेचाही इथे संबंध येतो. यंग आणि विल्यम मॉर्गन यांच्या १९८० च्या नवाहो कोशात क्रियापदे पूर्ण शब्दरूपांच्या वर्णानुक्रमाने लावलेली आहेत. शोधायला ते सोयीचे. पण मुळाआधी इतके काही येते की एकाच मुळाची रूपे वेगवेगळ्या पानांवर विखुरतात. त्याच दोघांनी सॅली मिजेट यांच्यासह १९९२ मध्ये केलेल्या विश्लेषक कोशात मुळे हाच क्रम धरला आहे. तिथे उकळणे आणि उकळवणे एका मुळाखाली शेजारी येतात. प्रथमपुरुषाच्या ‘श’ने गिळलेला ल्हही तिथे नोंदीच्या विश्लेषणात वेगळा काढून दाखवलेला असतो.